पोर्टेबलसाठी वायर अँटेना: एंड फेड, लिंक डायपोल की रँडम वायर?

हॅम रेडिओचं लायसन्स आलं, रेडिओ सेट आला, बॅटरीपण झाली, आता रविवारी दंडोबाच्या डोंगरावर नाहीतर चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन ४० आणि २० मीटरच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीचे पट्टे, नाव वेव्हच्या लांबीवरून) बोलायचं, तर वायर अँटेना कुठला घेऊ, असं विचारणारे आपल्या सांगली-साताऱ्याकडं आता बरेच जण भेटतात. अँटेनाचं नाव मागाहून ठरवू, आधी दोन गोष्टी सांगा. सेटमध्ये ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून घेणारा भाग) आहे का? आणि जिथं बसणार तिथं तार बांधायला झाड आहे की नुसता माळ? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होऊन जातो बघा.

सगळ्यात जास्त हवा आहे ती एंड फेड हाफ वेव्हची, म्हणजे एका टोकाकडून सिग्नल दिलेल्या अर्ध्या वेव्हच्या तारेची. साधारण २० मीटर तार, एका टोकाला ४९:१ ट्रान्सफॉर्मर, आणि ४०, २०, १५, १० हे चारही बँड ट्यूनरशिवाय, कारण ४० ला अर्धी वेव्ह असलेली तार २० ला पूर्ण वेव्ह होते आणि पुढंही तसंच गणित जमत जातं. एकटा माणूस असेल तर याच्यासारखं सोयीचं काही नाही. दोरीला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधायची, वडाच्या नाहीतर लिंबाच्या फांदीवरून पलीकडं टाकायची, तार वर ओढायची, दुसरं टोक सेटजवळ, दहा मिनिटांत सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) सुरू, बँड बदलायला जागचं उठायलापण लागत नाही.

पण याची किंमत ट्रान्सफॉर्मरमध्ये मोजावी लागते. तारेच्या टोकाला इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, तो सेटला लागणाऱ्या ५० वर आणताना दहा-वीस टक्के पॉवर कोरमध्येच जिरू शकते, आणि एफटी-८ या कॉम्प्युटरवरच्या डिजिटल मोडसारखं सलग ट्रान्समिट केलं तर छोटा कोर हाताला चांगलाच गरम लागतो. दुसरं म्हणजे त्या टोकाला व्होल्टेज जबरदस्त असतं, २० वॅटलाच २०० च्या वर आणि १०० वॅटला ५०० च्या जवळ, त्यामुळं गावातली पोरं नाहीतर शेरडं फिरत असतील तिथं तारेचं टोक हाताला लागेल असं ठेवू नका. आणि काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू म्हणून जोडायची तार) दिला नाही तर कोॲक्सची, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलची, जाळीच ते काम करायला लागते, मग आरएफ (ट्रान्समिटची रेडिओ एनर्जी) सेटपर्यंत येतं, माइक ओठाला लागला की चटका बसतो. २ मीटरची एक तार ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला जोडा आणि सेटच्या बाजूला कोॲक्सवर हे आरएफ अडवणारा फेराइटचा चोक घाला, बराचसा त्रास तिथंच मिटतो.

आता लिंक डायपोल, म्हणजे मधून सिग्नल दिलेल्या दोन सारख्या तारा, क्लिपांनी लांबी बदलता येणाऱ्या. नवीन माणसाला मी हाच सांगतो, आणि मनापासून सांगतो. मधे एक ७ मीटरचा फायबरचा पोल नाहीतर सरळ बांबू, त्यावरून दोन्ही बाजूला तार उतरती, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. २० मीटरसाठी एकेका बाजूला ५ मीटर तार, तिथं क्लिप, आणि पुढं अजून ५ मीटर. क्लिप जोडली की ४०, सोडली की २०. १५ साठी वेगळी क्लिप बहुतेक लागतच नाही, कारण ४० चा डायपोल २१ मेगाहर्ट्झच्या आसपास तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर) चालून जातो. ट्रान्सफॉर्मर नाही, ट्यूनर नाही, जी पॉवर जाते ती तारेतच जाते. हैदराबादच्या अश्हर फरहान यांचा मायक्रोबिटएक्स हा सेट वापरणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात घ्यावं, त्यात ट्यूनर नाही आणि फायनलला (पॉवरच्या शेवटच्या टप्प्याला) आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर आहेत, एसडब्ल्यूआर (अँटेना न जुळल्यानं पॉवर किती परत येते त्याचं माप) वाढलेला त्यांना सोसत नाही.

त्रास एकच, बँड बदलायचा म्हणजे उठून जायचं, पोल थोडा कलता करायचा, दोन्ही बाजूच्या क्लिपा बदलायच्या. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही बसवल्या, तिथल्या वाऱ्यात हे काम एकट्याला जड जातं, पोलला तीन ताण आणि चांगल्या लोखंडी खुंट्या पाहिजेतच. पण झाड नसलेल्या माळावर एका पोलवर उभा राहणारा अँटेना म्हणून मला हाच पटतो. शिवाय ४० मीटरवर ७ मीटर उंची म्हणजे पाव वेव्हच्याही खाली, त्यामुळं सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि आसपासच पडतो, दिवसा पुणे, मुंबई, गोवा, बेळगाव यांच्याशी गप्पा मारायला तेच तर हवं असतं. २०१९ च्या महापुरासारखी वेळ परत आलीच तर आपल्याला लांबचा देश नको, जवळचा जिल्हा लागणार आहे.

रँडम वायर थोडक्यात सांगतो. ९:१ अनअन (हाही इंपीडन्स उतरवणारा ट्रान्सफॉर्मरच), १२.५ नाहीतर १७.७ मीटर तार (ही मापं कुठल्याच बँडला अर्धी वेव्ह होऊ नये म्हणून), जमिनीवर ५ मीटरचा काउंटरपॉइज. शिएगू जी-९० सारखा आतच दमदार ट्यूनर असलेला सेट असेल तर जागा कमी असताना छान, कुठलाही बँड लावा. ट्यूनर नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. आणि ट्यूनरनं एसडब्ल्यूआर १:१ दाखवला म्हणजे पॉवर बाहेर गेली असं नाही हां, कोॲक्समध्ये आणि अनअनमध्ये बरीच जिरलेली असते, म्हणून कोॲक्स आखूड ठेवा.

तेव्हा माळ असेल नाहीतर सेटमध्ये ट्यूनर नसेल तर लिंक डायपोल, एकटे आणि झाड हाताशी असेल तर एंड फेड. तासगावकडं द्राक्षबागेच्या कडेला बसणार असाल तर मांडवाच्या लोखंडी तारांपासून लांब सरका, त्यांच्यावरून अँटेना नेला की एसडब्ल्यूआर घरी होता तसा राहत नाही. लाइटच्या तारांच्या आसपास दोरी फेकायचीच नाही, आणि एप्रिल-मेमधे वळवाचं आभाळ भरून आलं की पहिल्यांदा अँटेना खाली.

तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी पीव्हीसीची फ्लेक्झिबल चालते, पण प्लास्टिकमुळं ती हिशोबापेक्षा थोडी आखूड लागते. म्हणून आधी अर्धा मीटर जास्त ठेवा, जागेवर उभा करून नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावा, २० चा भाग आधी जुळवा, मग ४० चा, आणि तार लगेच कापू नका, टोक मागं दुमडून पीळ द्या, पुढच्या जागी परत सोडावं लागलं तर तार शिल्लक असते.