आधी आर्थर की आधी एली?

इंजिनिअरिंगला असलेला भाचा विचारतो, "मामा, सुट्टीत एकच गेम होईल. रेड डेड रिडेम्प्शन २ की द लास्ट ऑफ अस?"

रेड डेडमध्ये आपण आर्थर नावाचा दरोडेखोर असतो, लास्ट ऑफ असमध्ये बहुतेक वेळ जोएल, एली नावाच्या मुलीला सोबत घेऊन निघालेला. वेळ म्हणशील तर लास्ट ऑफ अस (२०१३) साधारण १५ तासांत उरकतो. रेड डेडची (२०१८) नुसती मूळ कथाच ५०-एक तास खाते, वर पीसीवर १५० जीबी जागा.

जीव कसा जडतो, ते मात्र बघण्यासारखं. रेड डेडमध्ये तो सवयीने जडतो. घोड्याला खरारा करा, गाजर चारा, मान थोपटा. मग तो लांबूनही शिट्टीला येतो. मेला तर कायमचा. माझी घोडी कड्यावरून पडली, त्या रात्री मी पुढे खेळलोच नाही. (हसू नकोस.)

लास्ट ऑफ असमध्ये गेमभर जोएल एलीला वर चढवतो, ती शिडी खाली देते. एकदा तो हातांची पायरी करून उभा राहतो आणि ती येतच नाही. बाजूला आपल्याच तंद्रीत बसलेली. पोटात कालवतं.

आर्थर किती सज्जन, हे थोडंफार आपल्या हातात. म्हणून पुन्हा खेळायला रेड डेड सरस. जोएल शेवटी जे करतो ते पटो न पटो, करावंच लागतं.

महिनाभर कुणाच्या सोबतीने राहायचं असेल तर आर्थर. तुझी सुट्टी आठच दिवसांची, तू एलीकडे जा.