कंपनी गेली, आता प्रोजेक्ट कुणाच्या नावावर?

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला कन्व्हेअन्स (बिल्डरने जागा सोसायटीच्या नावावर करून देणं) म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पझेशन मिळालं, लोक राहायला आले, लिफ्टचा मेंटेनन्स आपण भरतोय, आणि सातबारावर नाव मात्र अजून दुसऱ्याचंच. ओपन सोर्स प्रोजेक्टमधून स्पॉन्सर कंपनीने अंग काढून घेतलं की तस्संच होतं. कोड सगळ्यांचा, कारण लायसन्समध्ये तसं लिहिलंय. पण डोमेन, नाव, कोडचा प्रोग्राम बनवणारा बिल्डचा सर्व्हर, रिलीजवर सही करायची डिजिटल किल्ली, हे सगळं कंपनीच्या कपाटात.

आम्ही सहा जण मराठी शुद्धलेखन तपासणीच्या शब्दसंग्रहावर काम करायचो. दोघे एका कंपनीत होते आणि ऑफिसच्या वेळात हे करायची त्यांना मुभा होती. बाकी आम्ही शनिवार-रविवारवाले. एका एप्रिलमध्ये बजेट कापलं गेलं आणि ते दोघे दुसऱ्या टीमवर, आणि पुढे कंपनीबाहेर गेले. पैशाची चणचण पहिलं वर्षभर जाणवलीसुद्धा नाही, कारण खर्च होताच किती! अडलं ते भलतीकडेच. डोमेन त्यांच्यातल्या एकाच्या ऑफिसच्या ईमेलवर नोंदवलेलं होतं. रिन्यूअलच्या सूचना बंद पडलेल्या मेलबॉक्समध्ये जात राहिल्या आणि एका सकाळी डाउनलोडच्या पानाजागी जाहिराती दिसायला लागल्या.

दुसरी गोष्ट नियमांच्या फाइलची. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये शब्द एका फाइलीत असतात आणि त्यांना प्रत्यय कसे लागतात ते दुसरीत. मराठीत 'रस्ता'चं सामान्यरूप 'रस्त्या' झालं की त्यातून रस्त्याला, रस्त्यावर, रस्त्यावरच्यांना अशी सगळी वरात निघते. ती फाइल वाचता येणारा माणूस एकच होता, आणि तोच गेला. 'पैसा–पैशा'चा नियम सारखा करायला मी बसलो आणि 'हिंसा'ला त्याच रांगेत उभं केलं. पुढचे दोन महिने आमचा तपासनीस 'हिंशाला' हा शब्द बिनदिक्कत बरोबर ठरवत होता.

हे एवढ्यासाठी सांगतोय की स्पॉन्सर गेल्यावर लोक पहिला प्रश्न पैशाचा काढतात. मी आधी विचारीन, किल्ल्या कुणाकडे आहेत, आणि पुढचं रिलीज कोण करणार. याची उत्तरं असतील तर पुढच्या वाटा तोलता येतात.

स्वतःची संस्था की कुणाच्या छत्रीखाली

पुण्यात कुणालाही विचारा, पहिला सल्ला 'संस्था रजिस्टर करून टाका' हाच मिळेल. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायची तर किमान सात माणसं लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. मग दरवर्षी ऑडिट, आणि एक जरी पदाधिकारी बदलला तरी चेंज रिपोर्ट. कलम ८ ची (कंपनी कायद्यातली ना-नफा) कंपनी दोघांत होते, पण तिचीही कागदपत्रं वर्षाच्या वर्षाला भरावीच लागतात. बरं, आपल्या प्रोजेक्टला देणग्या येणार बहुधा परदेशातून, आणि त्या घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. चौघांच्या प्रोजेक्टला हे म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

संस्था शोभते कुणाला? ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरला शोभली. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि कोड सोडवून घेतला. लिब्रेऑफिसलाही शोभली. ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमागची सन कंपनी ओरॅकलने विकत घेतल्यावर २०१० मध्ये त्यातले बरेचसे लोक बाहेर पडले. जुनं नाव ओरॅकलने सोडलं नाही, म्हणून नवं घेतलं आणि बर्लिनला स्वतःचं फाउंडेशन उभं केलं. (बिल्ड आपोआप करणाऱ्या हडसनचं जेन्किन्स झालं तेही ओरॅकलशी नावाच्याच भांडणातून. कन्व्हेअन्स, दुसरं काय!)

लहान प्रोजेक्टला छत्रीसंस्था जास्त सोयीची. बँक खातं, हिशेब, करार, ट्रेडमार्क त्या सांभाळतात आणि आलेल्या पैशातून हिस्सा घेतात. १९९७ पासूनची सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट पाच टक्के घेते, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि ओपन सोर्स कलेक्टिव्ह दहा. दहा टक्के ऐकून कपाळाला आठ्या पडतात खऱ्या, पण सीएची फी आणि ढोले पाटील रोडवरच्या धर्मादाय कार्यालयाच्या खेपा एकदा मांडून बघा. छत्रीही उडू शकते, हे मात्र धरून चाला. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या फेब्रुवारीत गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं आणि वर्षअखेरपर्यंत सगळ्यांना दुसरं घर शोधायला लावलं. हिचं आणि वरच्या ओपन सोर्स कलेक्टिव्हचं नाव जवळजवळ सारखं आहे, तेव्हा सही करण्याआधी नीट वाचा. आणि छत्रीसंस्थेकडून भारतातल्या मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) पैसे येणार असतील तर ते कामाचं बिल आहे की देणगी, हे सीएकडून आधीच ठरवून घ्या. कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घर मिळतं, हात मिळत नाहीत

मोठ्या फाउंडेशनच्या स्वाधीन केलं की सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ओपनऑफिसकडे बघावं. २०११ मध्ये ओरॅकलने ते अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. घर उत्तम, नावही जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं. पण हात लिब्रेऑफिसकडे गेले होते. २०१४ मध्ये ४.१ आलं, आणि त्यानंतर निघतात त्या ४.१ च्याच दुरुस्त्या. सर्व्हो या ब्राउझरच्या इंजिनाचंही तेच. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२० मध्ये लोक कमी केले आणि सर्व्हो लिनक्स फाउंडेशनकडे गेला. तरी काम खऱ्या अर्थाने हललं ते २०२३ मध्ये, इगालिया या कंपनीचे पगारी इंजिनिअर त्यावर बसल्यावर.

देणग्यांचं म्हणाल तर सगळे थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचं उदाहरण देतात. २०१२ मध्ये मोझिलाने त्यातून हात आखडता घेतला, आणि दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, वापरणाऱ्यांनी वर्षभरात ६४ लाख डॉलरहून जास्त दिले. खरंच आहे. पण थंडरबर्ड लोकांच्या डोळ्यांसमोर रोज उघडा असतो, त्याला खिडकीतच 'मदत करा' म्हणता येतं. तुमची लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या पोटात असेल तर ती आहे हे कुणाच्या गावीही नसतं. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड बाहेर आलं तेव्हा अर्धं इंटरनेट ज्याच्या भरवशावर चालत होतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळायची. आमचा शब्दसंग्रह याच जातीचा. लाल रेघ दिसते, रेघ मारणारा दिसत नाही.

ग्रँटचा पर्याय आता भारतातही आहे. झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, एकेका प्रोजेक्टला दहा हजार ते एक लाख डॉलर. एकदाच करायचं मोठं काम असेल, सुरक्षा तपासणी, जुना कोड नव्याने लिहिणं, तर जरूर अर्ज करा. दर मंगळवारी बग वाचायला मात्र ग्रँट पुरत नाही. दुसरी कंपनी गाठली तर? उबुंटू लिनक्सच्या कुबुंटू या आवृत्तीचं तसं झालं, २०१२ मध्ये कॅनॉनिकल ही कंपनी गेली आणि ब्लू सिस्टिम्स आली. चालतं, पण बिल्डर बदलला एवढंच. किल्ल्या या वेळी तरी आपल्याकडे ठेवा.

पुण्यात हातांना तोटा नाही, असं म्हणतात. ग्नूनिफाय या ओपन सोर्सच्या मेळाव्यासाठी मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसमध्ये जमलेली पोरं बघितली की पटतंही. माझा अनुभव असा की तिसऱ्या वर्षाचा मुलगा चार महिने झपाटून काम करतो आणि प्लेसमेंट सुरू झाली की दिसेनासा होतो. त्याचा राग धरू नका. त्याला चार महिन्यांत संपेल असंच काम द्या. आणि अगदी थकला असाल तरी अनोळखी मदतनीसाच्या हातात लगेच किल्ली देऊ नका. एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच घडलं. एकट्या, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास कुणीतरी दोन वर्षं लावून कमावला आणि २०२४ मध्ये त्यातून चोरदरवाजा निघाला.

आणि थांबायचं असेल तर

थांबणं हाही पर्यायच आहे, आणि नीट केला तर सभ्य. सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये बाहेरची रहदारी आत घेणाऱ्या इनग्रेस-एन्जिनएक्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, मार्च २०२६ पर्यंत जमेल तसं बघू, पुढे नाही. एवढं वापरलं जाणारं सॉफ्टवेअर, सांभाळणारे एक-दोघे. तारीख सांगून थांबल्यामुळे लोकांना हलायला वेळ तरी मिळाला. कोड लिहायचा ॲटम एडिटर २०२२ च्या डिसेंबरात बंद झाला, त्यातून पल्सर निघाला. लायसन्स खुलं असेल तर प्रोजेक्ट बंद झाला तरी वाट बंद होत नाही.

आता तुमचं. नियमित येणारे पाचपेक्षा कमी असतील तर संस्थेच्या भानगडीत पडू नका. छत्री शोधा, आणि पैसाच येत नसेल तर तीही नको. दहा-बारा माणसं असतील, कार्यक्रम करायचे असतील, पगारी माणूस ठेवायचा असेल तर कलम ८ चा विचार करा. दोघेच उरला असाल तर वर्षाला चार रिलीजची दोन करा, जी भाषा किंवा फीचर कुणी सांभाळत नाही ते यादीतून काढा, आणि तेही झेपत नसेल तर तारीख जाहीर करा.

आम्ही छत्रीच्या वाटेला गेलो नाही. डोमेन सात महिन्यांनी परत मिळालं, आता ते तिघांच्या नावाने आहे आणि रिन्यूअलची तारीख माझ्या आईच्या कालनिर्णयवरसुद्धा लिहिली आहे. रिलीज वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला. कंपनीतून गेलेल्या त्या मित्राला कोथरूडला घरी बोलावून सलग तीन रविवार नियमांची फाइल ओळ-ओळ वाचून घेतली. तो सांगत होता, मी लिहून घेत होतो, आणि आई मधूनच आतून 'आरसा–आरशात पण घ्या रे' असं ओरडत होती. तो राहिलाच होता.