तक्त्यातून सर्वांत स्वस्त मार्ग: सात महिने वापरलेली पद्धत

कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेतल्या डीआयएलआरची (तक्ते-आलेख वाचणं आणि तर्कशक्ती यांचा विभाग) तयारी करताना मला सगळ्यांत जड गेले ते मार्गांचे तक्ते. पाच-सहा गावं, प्रत्येक चौकटीत एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा खर्च, आणि विचारायचं काय तर कमीत कमी खर्चाचा मार्ग. क्लासमध्ये सांगायचे, सगळे मार्ग लिहून काढा. मी काढायचो. त्यातला एखादा हमखास राहून जायचा आणि उत्तर नेमकं त्यातच असायचं. सेक्शन ४० मिनिटांचा; त्यातली १५ मिनिटं एका सेटवर, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर, गेली की पुढचं सगळं कोलमडतं.

मग डायक्स्ट्राची, म्हणजे कमीत कमी खर्चाचा मार्ग टप्प्याटप्प्याने शोधायची, पद्धत वहीत हाताने करायला लागलो. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. इंजिनिअरिंगला पाठ केली होती, पण पेन घेऊन कधी चालवली नव्हती.

एक छोटा तक्ता घ्या. क ते ख ६, क ते ग २, ग ते ख ३, ख ते घ ४, ग ते घ ८, ख ते च ७, घ ते च २. कपासून चपर्यंत जायचंय. आधी ठिपके मांडून रेषा ओढायच्या. कवर ०, गवर २, खवर ६ लिहायचं. सगळ्यांत लहान आकडा गचा, म्हणून तो पक्का करून पुढे जायचं. गमार्गे ख ५ मध्येच पडतं, म्हणून ६ खोडायचा. गमार्गे घ १०. आता ख पक्का, मग घ ९ आणि च १२. घ पक्का झाला की च ११. मार्ग क-ग-ख-घ-च. सर्वांत कमी थांब्यांचा क-ख-च हा रस्ता १३ ला पडतो, आणि घाईत माझी नजर नेहमी त्याच्यावरच जायची. तो खोडलेला ६ मला फार आवडतो; चूक कुठे झाली असती ते तिथेच दिसतं.

आता असा सेट मी चार-पाच मिनिटांत संपवतो. मात्र दोन ठिकाणी चांगलाच आपटलो. एका तक्त्यात जायचा आणि यायचा खर्च वेगळा होता, मी तो न बघताच अर्धा तक्ता वापरला. दुसऱ्यात सगळी गावं एकदाच फिरून परत यायचं होतं. तिथे ही पद्धत चालतच नाही. पाच गावं असतील तर २४ फेऱ्या, दोन्ही दिशांचा खर्च सारखा असेल तर १२, आणि त्या मोजाव्याच लागतात.

टोलच्या प्रश्नांनाही ती पुरत नाही. २००६ च्या कॅटमधला एसपासून टीपर्यंतचा सेट जरूर सोडवा. पाच मार्गांचा इंधनखर्च १४, ९, ७, १० आणि १३, आणि वाहतूक पाचही मार्गांवर सारखी विभागली जावी असे टोल ठरवायचे. प्रत्येक जण स्वस्त मार्गच धरणार, म्हणून तिथे स्वस्त मार्ग शोधून भागत नाही, सगळ्या मार्गांची समीकरणं बरोबरीत आणावी लागतात. ए, बी, सी, डी या मधल्या चौकांवर अनुक्रमे १, ५, ३, २ असा टोल लावला की प्रत्येक मार्ग १५ वर येतो. हे स्वतः मांडून बघायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, पण त्यानंतर टोलचा एकही सेट मी सोडून दिलेला नाही.