आर्क्टिकडेम: तपशील चोख, शून्य मात्र समुद्रावर नाही

आर्क्टिकडेम हा मिनेसोटा विद्यापीठाच्या पोलर जिओस्पेशियल सेंटरचा आर्क्टिक भागाच्या उंचीचा डेटा (डेम म्हणजे डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, प्रत्येक पिक्सेलला एक उंची) फुकट मिळतो. नॉर्वेतल्या लिंगेनसारखी, फ्योर्डच्या (डोंगरात शिरलेल्या अरुंद खाडीच्या) पाण्यातून थेट अठराशे मीटर उठणारी बर्फाळ रांग नकाशावर घ्यायची असेल तर तपशिलाला तोड नाही. हिमनदीवरच्या भेगासुद्धा दिसतात.

घोळ आहे तो शून्याचा. यातली उंची समुद्रसपाटीपासूनची नाही, डब्ल्यूजीएस 84 एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे जीपीएस वापरतो त्या पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची आहे. लिंगेनला जिऑइड (सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग) त्या एलिप्सॉइडच्या सुमारे 30 मीटर वर आहे, म्हणून फ्योर्डचं पाणीच तिशीत दिसतं आणि 20 मीटरचा कंटूर (समान उंचीची रेषा) गायब होतो. पुण्यात उलटं: जीपीएसची कच्ची उंची साठ-सत्तर मीटर कमी येते, त्यामुळे इथल्या हाताला बेरजेची सवय. तिकडे बेरीज केलीत की चूक दुप्पट. ईजीएम 2008 या जिऑइडच्या मॉडेलचा रास्टर (पिक्सेलची जाळी) डेममधून सरळ वजा करा. चिन्ह तो स्वतः सांभाळतो.

2 मीटरच्या पिक्सेलच्या मोहात पडू नका. 50 किलोमीटर बाजूच्या चौरसाची एक टाइल उलगडली की अडीच जीबी, आणि 1:50,000 वर 10 मीटर म्हणजे जेमतेम 0.2 मिलिमीटर. 10 मीटरचा मोझॅइक (अनेक तुकडे जोडून केलेला सलग डेम) पुरतो, शिवाय हिमभेगांमुळे कंटूरला येणारी कुरतड कमी होते. प्रोजेक्शन बदलताना निअरेस्ट नेबर (सर्वात जवळच्या पिक्सेलची उंची उचलणं) नको, बायलिनियर (शेजारच्या चार पिक्सेलची भारित सरासरी) ठेवा. नाहीतर हिलशेडवर (डोंगरांची छायाचित्रासारखी सावली दाखवणाऱ्या थरावर) पट्टे उमटतात.

आपल्या टोपोशीटसारखा (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशासारखा) 20 मीटरचा कंटूर इथेही चालतो, पण 60 अंशांच्या कड्यावर रेषा 0.23 मिलिमीटरवर येतात आणि प्लॉटरवर नुसता तपकिरी डाग पडतो. तिथे फक्त 100 मीटरच्या जाड रेषा ठेवा.

बर्फावर कंटूर निळे, खडकावर तपकिरी. मात्र हिमनद्यांची हद्द रँडॉल्फ ग्लेशियर इन्व्हेंटरी या जगभरच्या हिमनद्यांच्या यादीतून उचललीत तर ती साधारण 2000 सालची असते. बर्फ तेव्हापासून मागे सरकलाय, त्यामुळे निळ्या रेषा उघड्या खडकावर चढतात. मोझॅइकमध्ये अनेक तारखांची चित्रं मिसळलेली असतात. हद्द नव्याने आखायची तर तारीख असलेली स्ट्रिप, म्हणजे एकाच वेळच्या चित्रांच्या जोडीतून केलेला डेमचा पट्टा, घ्या. सावलीतल्या उतारांवर आणि ताज्या सपाट बर्फावर स्टिरिओ (दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून उंची काढणं) जुळत नाही, तिथे खड्डे किंवा भोकं सापडतील. किनाराही डेमवरून काढू नका.

खरं तर फक्त नॉर्वेच करायचा असेल तर तिथल्या कार्टवेर्केटचा (सरकारी नकाशा संस्थेचा) लिडार डेटा, म्हणजे लेसरने मोजलेली उंची, घ्यावा. तोही फुकट, आणि उंची आधीच एनएन 2000 मध्ये, म्हणजे नॉर्वेच्या समुद्रसपाटीवर आधारलेल्या उंचीच्या मापात, म्हणून वजाबाकीची कटकट नाही. ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर मात्र आर्क्टिकडेमच.