नोकरी सोडल्यावर दोघांचं रिटर्न: ४४एडीएचा दीड वर्षाचा अनुभव

मार्च २०२४ मध्ये आम्ही दोघांनी पंधरा दिवसांच्या अंतराने नोकरी सोडली. मी इंटिरियरची कामं स्वतः घेऊ लागले, नवरा अभियांत्रिकी सल्लागार झाला. तोवर रिटर्न म्हणजे फॉर्म १६ समोर ठेवून आकडे जुळवणं, एवढंच ठाऊक होतं. आता २०२४-२५ चं रिटर्न भरून झालंय, दुसरं वर्षही अर्ध्यावर आलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही आयकर कायद्याचं कलम ४४एडीए घेतलं. ठरावीक व्यवसायांत वर्षाची जमा, म्हणजे कामाचे मिळालेले एकूण पैसे, ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाख), तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि त्यावर कर. खर्चाच्या पावत्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. माझी जमा १२ लाख ६० हजार, म्हणजे उत्पन्न ६ लाख ३० हजार. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी होती. कर शून्य, आणि क्लायंटनी कापलेला १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारात भरलेला कर) परत आला. पगार बंद झालेल्या घरात त्या रिफंडने किती धीर आला, सांगता येत नाही.

नवऱ्याचं उलटं झालं. त्याचं काम तांत्रिक सेवेत मोडतं, तिथे टीडीएस २ टक्केच. जमा २६ लाख, उत्पन्न १३ लाख. उपकरासह कर १ लाख ४ हजार आणि कापले गेलेले फक्त ५२ हजार. उरलेला कर १५ मार्चपर्यंत आगाऊ भरायचा होता. ४४एडीएत आगाऊ कराचे नेहमीसारखे चार हप्ते नाहीत, हा एकच. पण तो चुकला की व्याज लागतं. (जमा २० लाखांवर गेल्यामुळे त्याला जीएसटी नोंदणीही करावी लागली.)

ठेच लागली ती वेगळ्याच ठिकाणी. नवऱ्याच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे १० लाख आले, ते आम्ही माझ्या नावावर मुदत ठेवीत टाकले. घरात तुझं-माझं आम्ही कधी केलंच नव्हतं. वर्षाचं व्याज ७० हजार. माझ्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या आपल्या वर्षाच्या व्यवहारांच्या नोंदीत) ते दिसलं, मी माझ्या उत्पन्नात धरलं. बेरीज बरोबर ७ लाख, कर तरीही शून्य. सीएताईंनी आकडा पाहिला आणि विचारलं, "ठेवीचे पैसे कुणाचे?" नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर कर नाही, पण त्या पैशाचं व्याज कलम ६४ नुसार नवऱ्याच्याच उत्पन्नात जातं. त्याच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात ते १४,५६० रुपयांना पडलं. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. कायद्याला आपण दोन माणसं आहोत. हे वाचून माहीत होतं, कळलं त्या दिवशी.

माझ्या क्षेत्रातल्या मैत्रिणींना एक कळकळीचं सांगणं. क्लायंटचं प्लायवूड, हार्डवेअर आपल्या बिलातून फिरवू नका. मी १ लाख ८० हजारांचं सामान तसं घेतलं. त्यात मला एक रुपया सुटला नाही, तरी निम्मी रक्कम माझं उत्पन्न ठरली. आता क्लायंट दुकानदाराला थेट पैसे देतात, माझं बिल फक्त कामाचं. ज्यांचा खर्च खरोखरच निम्म्याहून जास्त आहे त्यांनी हे कलम विचारपूर्वक घ्यावं, कारण नफा कमी दाखवायचा तर हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट आलंच.

रिटर्न जूनच्या मध्याआधी भरायला बसू नये, असं माझं मत झालंय. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) यायला तेवढा वेळ लागतो. एका क्लायंटने माझा पॅनच चुकीचा टाकला होता. दुरुस्तीसाठी दोन महिने फोन करावे लागले. तेव्हापासून दर तिमाहीला क्लायंटकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागून घेते.

यंदा घरखर्च नवऱ्याच्या खात्यातून होतो आणि बचत माझ्या कमाईतून. माझ्या पैशाचं व्याज माझंच, आणि २०२५-२६ साठी रिबेटची मर्यादा १२ लाख झाल्यामुळे त्यावर कर बसायचीही शक्यता नाही. या महिन्यात ३ लाखांची ठेव केली. कोणत्या तीन बिलांचे पैसे त्यात आहेत, ते पावतीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय.