वाय नदीवरचं एका दिवसाचं फिशिंग तिकीट : पैसे वसूल, फक्त गेट सापडायला हवं

सांगलीत असताना आयर्विन पुलाच्या आसपास कृष्णेच्या काठावर कणकेचा गोळा लावून चिलापी धरणारा माणूस मी, पण बर्मिंगहॅमला येऊन सहा वर्षं झाली तरी गळाला हात लावला नव्हता. इथे नदीत दोरी टाकायची तर आधी सरकारी लायसन, मग त्या पट्ट्याच्या मालकाचं तिकीट, मग सीझन चालू आहे का बंद ते बघा, एवढं कोण करत बसणार. पण माझा कराडचा मित्र गेली तीन वर्षं या नादात पार बुडालाय. त्याने ऑगस्टमधल्या एका शनिवारचं हेरिफर्ड शहराच्या खालच्या अंगाला इथल्या वाय नदीचं डे तिकीट काढलं, मला न विचारता माझंही काढलं आणि मेसेज टाकला, पाच वाजता खाली उभा राहा, नाश्ता मी आणतोय. श्रावण चालू आहे म्हटलं तर म्हणे खायचे कुठे आहेत, धरून सोडायचेत, श्रावणात याच्याइतकं सात्त्विक काही नाही.

तर हा त्या तिकिटाचा रिव्ह्यू. माणशी २० पाउंड, त्यात नदीचा साधारण एक किलोमीटरचा काठ आणि त्या दिवशी तिथे फक्त आपणच. मला आधी हे महाग वाटलं, नदीच्या काठावर बसायचे कसले पैसे. पण दिवसभर दुसरा एकही गळवाला दिसला नाही, कुणाच्या दोरीत दोरी अडकली नाही, 'काय लागलं का' विचारायला कुणी डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही, तेव्हा पटलं.

एक सांगून ठेवतो, या तिकिटात लायसन धरलेलं नसतं. ते वेगळं, सरकारी साईटवर पाच मिनिटांत निघतं, वर्षाचं घेतलं तर घेतल्या तारखेपासून वर्षभर चालतं. नसताना सापडलात तर दंड २५०० पाउंडापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे हुशारी करू नका. आणि नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हे मासे धरायला बंदी असते, अंडी घालायचा काळ म्हणून. 'हे मासे' म्हणजे कोर्स फिश. सामन आणि ट्राउट ही साहेबाची मानाची मंडळी, बाकी नदीतलं जवळपास सगळं कोर्स, म्हणजे जाडंभरडं. आपल्याकडे सुरमई-पापलेट एका बाजूला आणि बाकीचं बारीक म्हावरं एका बाजूला, तसलाच प्रकार.

आता तक्रार. बुकिंगच्या मेलमध्ये पत्ता म्हणून एक ओळ, 'चर्चच्या पुढचं पांढरं गेट'. त्या रस्त्याला पांढरी गेटं तीन. पहिल्यातून कुत्रं बाहेर आलं, दुसऱ्यातून आजीबाई आल्या आणि त्यांनी अगदी प्रेमाने चुकीच्या दिशेला पाठवलं, तिसऱ्याच्या कुलपाला मेलमधला कोड लागेना. दिलेल्या नंबरवर रिंग जातेय आणि कुणी उचलत नाही. शेवटी मित्राने मागच्या वर्षीचा मेल शोधून काढला, तो जुना कोड लागला. पहाटेचा पाऊण तास असा गेला, आणि मासे लागायचा खरा टाइम तोच असतो. नाव टाकत नाही, पण मालक वाचत असतील तर कृपा करून कोड तरी बघा.

गेटाच्या आत मात्र काय जागा आहे. गाडी लावली, शेत ओलांडलं, आणि काठाला पुरुषभर उंच गुलाबी फुलांचं रान. मी म्हटलं अरे हा तर तेरडा! तो म्हणाला हो, तेरड्याचाच भाऊबंद, हिमालयन बाल्सम. १८३९ मध्ये बागेत लावायला म्हणून हिमालयातून इकडे आणला, बागेतून निसटला आणि आता नद्यांचे काठच्या काठ खाऊन बसलाय, थंडीत मरतो मग काठ उघडे पडतात आणि माती वाहून जाते. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की फट्‌कन फुटते, अगदी आपल्या तेरड्यासारखी. आईला फोटो टाकला तर लगेच रिप्लाय, गौरीला घेऊन ये.

काठावरून खाली उतरायला मातीत खणलेल्या पायऱ्या आहेत, आदल्या रात्री पाऊस झालेला, मी दुसऱ्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर. साधे बूट घालून जाऊ नका, गमबूटच हवेत.

सामान सगळं मित्राचं. बारा फुटी रॉड, दहा पौंडी दोरी, तळाला चपटा शिसाचा फीडर, त्यात माशांच्या खाद्याच्या भिजवलेल्या गोळ्या दाबून भरायच्या, म्हणजे खाली गेल्यावर विरघळून गळाच्या आसपासच पसरतात. गळाला डब्यातल्या लंचन मीटचा तुकडा. आणि इथे त्याने पिशवीतून काय काढावं, तर घरून आलेला कांदा-लसूण मसाला. मला वाटलं चेष्टा करतोय, पण इथले गोरे पण मीटला करी पावडर चोळतात म्हणे, मग आपला मसाला काय वाईट. शिवाय अर्धा लिटरभर जिवंत अळ्या, तांबड्या-पांढऱ्या, त्या रात्रभर त्याच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी होत्या, ही गोष्ट वहिनींना माहीत नाही.

अळ्यांवर सकाळभर मला बोटभर मासे लागत होते, मजा आली, कृष्णेवरच्या पोरपणाची आठवण झाली. मग मसाला मीट लावून मोठा रॉड स्टँडवर ठेवला आणि थर्मासमधला चहा ओतायला वाकलो. मित्राने तीनदा सांगितलं होतं, रॉड सोडून हलू नको, हलायचं तर रीलचा तो मागचा खटका दाबून ठेव म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सुटत जाईल. मी दाबला नव्हता. टोक एकदा थरथरलं आणि दुसऱ्या क्षणी अख्खा रॉड स्टँडवरून उडून पाण्याकडे. याने आडवी उडी मारून मूठ धरली, गुडघाभर चिखलात, माझा चहा पण त्याच्याच अंगावर. मासा गेला. मग दहा मिनिटं कराडच्या भाषेत माझा जो उद्धार झाला तो इथे लिहिता येत नाही.

दुपारनंतर मला दोन चब मासे मिळाले, जाड ओठांचे, पहिला धक्का जोरात देतात आणि मग शहाण्यासारखे येतात. बार्बल नावाचा मोठा मासा मात्र त्यालाच लागला, साडेसात पौंडाचा, म्हणजे साडेतीन किलोच्या आतबाहेर, आणि बारा-पंधरा मिनिटं त्याने काही ऐकलं नाही. जाळीत आला तेव्हा नीट पाहिला. लांबट अंग, पितळी भांड्याला घासल्यावर येतो तो रंग, पंख नारिंगी, तोंड खालच्या बाजूला आणि त्याला चार मिशा, त्यांनी तळाचे गोटे चाचपत खातो. हा मासा मूळचा या नदीतला नाही. ब्रिटन युरोपला जोडलेलं होतं तेव्हा पूर्वेकडच्या नद्या ऱ्हाइनला मिळायच्या, त्यामुळे बार्बल थेम्स, ट्रेंटमध्ये आला, पश्चिमेच्या नद्यांत नाही. १९५६ मध्ये केनेट नदीतून पाचशेच्या आसपास नेऊन पश्चिमेच्या सेव्हर्न नदीत सोडले, आणि वायमध्ये त्याच्याही नंतर आला. मित्र म्हणाला, बघ, व्हिसावर आला आणि सेटल झाला.

सोडायचं काम माझ्याकडे दिलं. लढून इतका दमलेला असतो की तसाच सोडला तर उलटा होऊन मरतो, म्हणून तोंड धारेकडे करून पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. सात-आठ मिनिटं धरला, बोटं बधिर, आणि मग तळहातात शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि नुसतं गार पाणी उरलं. खूप गरम दिवसांत पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, तेव्हा बार्बलच्या मागे जाऊच नये, मित्र थर्मामीटर घेऊन फिरतो.

दोन गोष्टी तिकीट काढताना कुणी सांगत नाही. एक, कनू, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या. या भागात नदीवर सगळ्यांना वल्हवायचा हक्क आहे, त्यामुळे अकरा ते चार शनिवारची वरात चालू असते, एका कनूत तर लग्नाआधीची पार्टी निघालेली, नवरदेव परीच्या वेशात. माणसं चांगली असतात, दोरी वर घे म्हटलं की हात करतात, पण दर पाच मिनिटांनी कोण दोरी वर घेणार. दोन, पाणी. दगडांवर हिरवं शेवाळ चढलंय. या नदीच्या खोऱ्यात दोन कोटींवर कोंबड्या आहेत, त्यांचं खत शेतात आणि तिथून फॉस्फेट नदीत, त्यावर हे शेवाळ पोसतं, २०२३ मध्ये सरकारी संस्थेनेच नदीची तब्येत अजून खालावतेय असा शेरा मारलाय. मित्र म्हणतो तीन वर्षांपूर्वी या वळणावर पांढऱ्या फुलांच्या पाणवनस्पतीचे झुबके होते. मला एकही दिसला नाही.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. साडेतीन किलोचा? हो. मग? सोडला. थोडा वेळ ती नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "वीस पाउंड म्हणजे दोन हजारांच्या वर की रे, आणि सोडून आलास?"

पाचात साडेतीन स्टार. नदीला पूर्ण मार्क, गेटाला शून्य. जाणार असाल तर शनिवार-रविवार सोडून जा, आदल्या दिवशी फोन करून कोड खात्रीने विचारून घ्या, आणि पहिल्यांदा जाताय तर माहितीतला माणूस सोबत हवाच, काठावर शिकवायला कुणी नसतं. सप्टेंबरचं तिकीट आम्ही काढलंय, मंगळवारचं, रजा टाकून. मसाला मात्र यावेळी माझ्या घरचा, त्याची बरणी वहिनींनी जप्त केली.