शीत कोणी काढलं? डेमो, रिफंड, प्लेटेस्ट आणि अर्ली ॲक्सेस

सांगलीचा माझा मावसभाऊ वर्षातून दोनदा तरी हा फोन करतो. "दादा, नेक्स्ट फेस्ट आलाय. डेमो खेळत बसू, का सेलमध्ये गेम घेऊन टाकू आणि नाही आवडला तर रिफंड मारू?" नेक्स्ट फेस्ट म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा डेमोंचा उत्सव, डेमो म्हणजे चाखायला दिलेला गेमचा छोटा तुकडा, आणि रिफंड म्हणजे गेम परत करून पैसे परत. त्याच्याकडे चौदा इंची लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नेट म्हणजे फोनचा रोजचा २ जीबीचा पॅक, आणि खिशाला परवडतो तो दोन महिन्यांतून एखादा गेम. दर वेळी मी तुकड्या-तुकड्यांनी काहीतरी सांगतो. या वेळी लिहूनच काढतो, कारण उत्तर एक नाही. गेम कुठल्या जातीचा आहे त्यावर ते ठरतं.

गोष्ट इंडी गेमची आहे, म्हणजे छोट्या चमूंनी केलेल्या गेमची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, तो याच पंगतीतला. मोठ्या कंपनीचा गेम घेताना निदान मागचे चार भाग माहीत असतात. इथे बनवणाऱ्याचं नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं, त्यामुळे चाखून बघण्याला फार महत्त्व येतं.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. पण डेमोतलं शीत तुम्ही काढलेलं नसतं, ते वाढणाऱ्याने निवडून ताटात ठेवलेलं असतं. रिफंडमध्ये तुम्ही अख्खं पातेलं विकत घेता आणि वरचे चार घास खाऊन परत करायचं का ते ठरवता. अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला काढलेल्या गेममध्ये, भात चुलीवरच आहे. बाकी सगळी तुलना या फरकातून निघते.

डेमो

स्टीमचा हा उत्सव 'नेक्स्ट फेस्ट' या नावाने जून २०२१ पासून चालू आहे. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर, असा वर्षातून तीनदा, आठवडाभर. त्यात अजून बाहेर न आलेले गेम असतात आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो. आपल्याकडे तो सोमवारी रात्री साडेदहाला उघडतो, फेब्रुवारीत साडेअकराला. म्हणजे जेवणं उरकून, ओटा पुसून झाल्यावर बसायला बरोबर वेळ.

डेमो फुकट असतो, पण ती जाहिरात असते हे विसरू नये. बनवणाऱ्याला हवी असते तुमची विशलिस्ट, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमची यादी. गेम तिथे टाकला की बाहेर येताना आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत लागली की स्टीमकडून तुम्हाला मेल जातो. छोट्या चमूकडे प्रसिद्धीला पैसा नसतो, त्यामुळे हा मेल म्हणजे त्यांचं निम्मं दुकान. म्हणून डेमोत गेमचा सगळ्यात घासूनपुसून घेतलेला तुकडा असतो आणि तो बरोबर अशा जागी तुटतो की जीव टांगणीला लागावा.

पण एक गोष्ट डेमोला लपवता येत नाही, ती म्हणजे हाताला लागणारी चव. मागच्या एका फेस्टमध्ये मी एक उड्या मारायचा गेम उतरवला. ट्रेलर बघून पोरगी म्हणाली, "बाबा, हा घ्याच." रंग कमाल, संगीत कमाल. स्पेसबार दाबला आणि पात्र उडालं, पण किंचित उशिरा. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, बोटाला मात्र पक्कं कळत होतं. मी सेटिंग्जमध्ये जाऊन सगळं खाली ओढलं, विंडो लहान केली, उशीर तसाच. वर संवादांची अक्षरं मुंगीएवढी आणि मोठी करायची सोय नाही. सहा मिनिटांत निकाल लागला. ट्रेलर साठ वेळा बघूनही हे कळलं नसतं.

हाताच्या गेमचं शीत कसं असावं याचा माझा आवडता नमुना 'सेलेस्ट' आहे. २०१८ चा हा गेम मुळात २०१५ मध्ये चार दिवसांत केलेला, पिको-८ (जुन्या धाटणीचे छोटे गेम करायचं सॉफ्टवेअर) वरचा एक इवलासा गेम होता आणि तो आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. काही उतरवायला नको. हवेत एकदाच झेप घेता येते. झेप वापरली की गेममधल्या मुलीचे लाल केस निळे होतात, जमिनीला पाय लागले की पुन्हा लाल. एवढाच नियम. दहा मिनिटं पडत-धडपडत खेळा. चिडून लॅपटॉप मिटावासा वाटला तर मोठा गेम तुमच्यासाठी नाही, आणि "थांब, अजून एकदा" असं तोंडातून निघालं तर आहे.

तीच गोष्ट 'बाबा इज यू'ची. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये (थोड्या तासांत गेम करायचा मेळावा) जन्मलेला हा कोड्यांचा गेम २०१९ मध्ये पूर्ण आला. त्यात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पटावर पडलेले असतात. 'वॉल इज स्टॉप' (भिंत अडवते) मधला एक ठोकळा ढकलला की भिंत भिंत राहत नाही, तुम्ही तिच्यातून चालत जाता. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा हसू येतं की डोकं दुखतं, एवढंच तपासायचं, आणि त्याला जॅमची छोटी आवृत्ती पुरते. असे तुकडे शोधायला इच.आयओ ही छोट्या गेमची वेबसाइट उत्तम. तिथलं बरंच काही ब्राउझरमध्येच चालतं, म्हणजे २ जीबीवाल्यांची चांदी. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'सुद्धा आधी तिथे फुकट होता. मग डिसेंबर २०२१ मध्ये तो स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये आला, आणि २०२३ ला बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार घेऊन गेला.

(माझ्या पिढीला हे काही नवं नाही. 'डूम'चा पहिला भाग १९९३ पासून फुकट वाटला जायचा, आणि 'डिजिट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर डेमो असायचे. पूर्ण गेम परवडायचा नाही, म्हणून तोच डेमो उन्हाळाभर घासायचो.)

रिफंड

स्टीमचा नियम सुटसुटीत आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत. कारण काहीही चालतं. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाकडेही १४ दिवस आणि २ तासच. जीओजी हे आणखी एक दुकान मात्र दिलदार, तिथे ३० दिवस, तेही खेळून झाल्यावर. स्टीमवर पैसे वॉलेटमध्येही घेता येतात. पुढचा गेम तिथूनच घ्यायचा असेल तर तो पर्याय बरा.

याचा मोठा फायदा असा की तुमच्या समोर खरा, पूर्ण, बाहेर आलेला गेम असतो. तुमच्या लॅपटॉपवर तो चालतो का, पंखा विमानासारखा घोंघावतो का, तासाभराने खालची बाजू मांडीला चटका देते का, हे डेमोपेक्षा इथे खरं कळतं. डेमो बऱ्याचदा काही महिने आधीचा असतो. पूर्ण गेममध्ये पुढे मोठे नकाशे येतात आणि तिथे लॅपटॉप गुडघे टेकतो.

तोटे तीन. पैसे आधी भरावे लागतात. अख्खा गेम उतरवावा लागतो, आणि रोजच्या २ जीबीत ७ जीबीचा गेम म्हणजे चार दिवसांची तपश्चर्या. तिसरा तोटा मी स्वतः भोगलाय: घड्याळ गेम उघडा असेपर्यंत पळतं, तुम्ही खेळा की नका खेळू. एकदा पॉझ करून जेवायला गेलो, पाहुणे आले, गप्पा रंगल्या. परत येऊन बघतो तर तीन तास झालेले, त्यातलं खरं खेळणं पंचवीस मिनिटांचं. चूक माझी, गेम अजून लायब्ररीत धूळ खातोय. तेव्हापासून उठताना गेम बंद करतो, गॅस बंद करावा तसा.

आणि हा राजमार्ग नाही. नियमातच लिहिलंय की ही सोय फुकट खेळण्यासाठी नाही, गैरवापर दिसला तर ती बंद होऊ शकते. दर महिन्याला चार गेम घेऊन चारही परत करायचे हा बेत असेल तर सोडून दे. आज घेतलेला गेम उद्या सेलमध्ये स्वस्त झाला म्हणून परत करून पुन्हा घेणं मात्र चालतं, तेही त्यांनीच लिहिलंय.

आता ज्या गोष्टीकडे फारसं कोणी लक्ष देत नाही ती. डेमो आणि गेम ही स्टीमच्या हिशोबात वेगळी खाती आहेत, म्हणजे डेमो खेळलेला वेळ तुमच्या २ तासांत धरला जात नाही. म्हणून आधी डेमो, मग खरेदी, मग उरलेली शंका २ तासांत, ही जोडी उत्तम वाटते. पण डेमोतलं सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलास तिथली जपलेली नोंद, पूर्ण गेममध्ये चालतं का हे आधी बघ. चालत असेल तर तुझे २ तास पूर्ण नव्या भागासाठी मिळतात. नसेल तर तीच सुरुवात, तेच शिकवणीचे चौकोन, तोच म्हातारा तेच बोलणार, आणि ४० मिनिटं पुन्हा तिथेच जाणार.

कुठे काय

पत्त्यांचे, फेऱ्यांचे, पुन्हा पुन्हा मरून सुरू होणारे गेम: डेमो. एक फेरी हाच गेमचा नमुना असतो, त्यामुळे इथे शीत खरं बोलतं. उलट धोका असा की डेमोवरच पोट भरतं आणि विकत घ्यायची गरजच उरत नाही. झालं तर झालं, आपला काय तोटा?

शोधण्याचे, रहस्याचे गेम: डेमोपासून लांब राहा. 'आउटर वाइल्ड्स'मध्ये २२ मिनिटांनी काळ पुन्हा सुरुवातीला येतो आणि प्रत्येक फेरीत तुमच्या हाती वस्तू नाही, फक्त माहिती उरते. अशा गेममध्ये कळलेली गोष्ट परत न कळलेली करता येत नाही, आणि तीच तर खरेदी असते. माझ्या मते इथे दोन ओळींचं वर्णन वाचून थेट घ्यावा आणि २ तास द्यावेत. त्यात पाचेक फेऱ्या होतात, आणि तेवढ्यात कुतूहल चाळवलं नाही तर परत करावा.

शेती, गावं वसवणं, कारखाने: इथे डेमो आणि रिफंड दोन्ही खोटं बोलतात. पहिला तास सगळ्यांचाच गोड जातो. पहिलं पीक, पहिली कोंबडी, पहिलं दुकान. कंटाळा येतो आठव्या-दहाव्या तासाला, आणि तिथवर ना डेमो पोचतो ना २ तास. अशा वेळी मी वाईट रिव्ह्यू वाचतो, त्यातही ज्यांच्या नावापुढे २०-३० तास दिसतात त्यांचेच. वीस तास देऊन माणूस चिडला असेल तर त्याच्या चिडण्यात माहिती असते. जुलै २०२४ पासून डेमोंनाही स्वतःचं पान आणि रिव्ह्यू मिळू शकतात, पण ते वाचताना लक्षात ठेव की त्या सगळ्यांनीही तेच निवडलेलं शीत खाल्लंय.

प्लेटेस्ट आणि अर्ली ॲक्सेस

प्लेटेस्टबद्दल फार बोलायला नको. गेमच्या पानावर प्रवेश मागायचं बटण असतं, ते दाबायचं आणि बोलावण्याची वाट बघायची. इथे गेम तुम्हाला चाखायला दिलेला नसतो. तुम्ही कुठे अडखळता हे त्यांना बघायचं असतं. अर्धवट नकाशे, मध्येच बंद पडणं, आज असलेलं शस्त्र उद्या गायब. यावरून खरेदी ठरवू नये. गेम घडताना बघायची आणि दोन ओळी लिहून कळवायची आवड असेल तर मजा आहे.

अर्ली ॲक्सेस ही पैसे देऊन घेतलेली वाट पाहणी. 'हेडीस' डिसेंबर २०१८ मध्ये अर्धवट आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. 'हेडीस २' मे २०२४ ते सप्टेंबर २०२५. दोन्ही नावाला जागले, पण ती मुरलेल्या चमूची कामं. नव्या चमूबाबत मी एकच प्रश्न विचारतो: आज आहे तेवढाच गेम कायम राहिला, पुढे काहीच आलं नाही, तरी ही किंमत मला मान्य आहे का? पुढच्या आश्वासनांवर पैसे टाकायचे नाहीत. रिफंडचा २ तासांचा नियम इथेही आहे आणि गेम अर्धवट असताना खेळलेला वेळही त्यात मोजला जातो. अन् एक, कथेचा शेवट बहुधा अगदी शेवटी येतो. गोष्टीसाठी खेळणाऱ्याने थांबावं.

मावसभावाला या वेळी एवढंच सांगितलं: आठवड्यात तीनच डेमो, प्रत्येक १ जीबीच्या आतबाहेर, आकार उतरवण्याआधी बघून. प्रत्येकाला पहिली दहा मिनिटं, आणि त्या दहात आवाज बंद. कारण संगीत चांगलं असलं की बोटं काय म्हणतात ते ऐकू येत नाही. यादीतला शेतीचा गेम विशलिस्टला टाकून सोडून द्यायचा, वीस तासवाले चिडेपर्यंत. त्याचं उत्तर रात्री पावणेबाराला आलं: "पहिला डेमो डिलीट. दुसऱ्याचं सेव्ह पुढे चालतं का, ते कुठे लिहिलेलं असतं?"

डेमोच्या पानावर खालच्या वर्णनात बघ. नसेल तर चर्चेच्या भागात शोध, तुझ्याआधी कोणीतरी विचारलेलं असतंच.